नौकेच्या इंजिनाचे पाणी

परभणी जिल्ह्यास समुद्र नाही. तेव्हा नौकेच्या इंजिनावरील लेख आपल्या वार्षिकात कशासाठी, अशी शंका कित्येक पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा आणि दुधना अशा तीन नद्या वाहतात, त्यास नौकेचे प्रयोजन नाही असे कोणी म्हणू नये. २००६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पैठणच्या जायकवाडी धरणातून पाण्याचा मोठा विसर्ग झाला, तेव्हा गोदाकाठच्या गावांनी नदीचे कोणते रूप पाहिले हे त्या गावांच्या मुलांस निराळे सांगावयास नको. २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभी तर वरच्या धरणाची वाट न पाहता आपल्याच जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीने ओढ्यानाल्यांनी आपली पात्रे सोडली. अशा वेळी बैलगाडी, मोटार आणि पूल ही तिन्ही निरुपयोगी होतात. उपयोगी पडते ती हवा भरून फुगविलेली रबरी बोट आणि तिच्या पाठीमागच्या फळीस टांगलेले लहानसे इंजिन. या इंजिनास आउटबोर्ड मोटार म्हणतात. २००६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पुण्याहून येतात, किंवा राज्याच्या दलाचे जवान धुळे वा नागपूर येथून येतात, तेव्हा त्यांच्या गाडीत हीच दोन साधने प्रथम दृष्टीस पडतात. काही ठिकाणी अशी बोट गावाच्या जवळच, एखाद्या गोदामात, पुराची वाट पाहत ठेवलेली असते. प्रस्तुत लेखात मी मुख्यत्वे या दुसऱ्या बोटीविषयी लिहिणार आहे. कारण तिच्या इंजिनाचे आयुष्य तळहातावर मावेल अशा एका रबरी चक्रावर अवलंबून असते, आणि ते चक्र पुरात जितके बिघडते त्याहून अधिक गोदामात बिघडते.

प्रथम इंजिनास पाणी कशासाठी लागते ते पाहू. सिलिंडरात पेट्रोल जळते तेव्हा आतील वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. लहान इंजिनाचा दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते. मग दट्ट्या वितळून का जात नाही? एक तर ही ज्वाला क्षणार्धात विझते. आणि दुसरे, भिंतीत शिरलेली उष्णता पलीकडून पाणी सतत वाहून नेत असते. याचा पडताळा वर्गात सहज पाहता येईल. साध्या कागदाचा पेला करून त्यात पाणी भरावे आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावा. पाणी तापते, पुढे उकळूही लागते. पण पाणी आहे तोवर कागद पेट घेत नाही, कारण ज्योतीने दिलेली उष्णता कागदात न राहता पाण्यात जाते. तोच पेला रिकामा धरल्यास पाहता पाहता त्याची राख होते. नौकेच्या इंजिनाची स्थिती या कागदी पेल्यासारखीच आहे. पाणी थांबले की दट्ट्या फुगतो, त्याच्या व सिलिंडराच्या मधला तेलाचा पातळ थर जळून जातो, आणि अखेर धातू धातूस घट्ट धरतो. कारागीर लोक याला ‘इंजिन धरले’ असे म्हणतात. एकदा असे धरलेले इंजिन पुराच्या पाण्यात दुरुस्त करता येत नाही.

मोटारगाडीत तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरविले जाते आणि पुढच्या जाळीत वाऱ्याने निवविले जाते. नौकेस एवढा खटाटोप नको. ती मुळी पाण्यातच बसलेली असते. एका बाजूने नदीचे पाणी आत ओढावे, इंजिनाभोवती फिरवावे आणि दुसऱ्या बाजूने नदीत सोडून द्यावे, इतकी ही सरळ योजना आहे. जसे मिळेल तसे, न गाळलेले, न निवळलेले हे पाणी असते. म्हणून त्याला कच्चे पाणी म्हटले तर ते शोभेल.

ज्यांच्या विहिरीवर कधी काळी तेलाचे इंजिन होते, त्या वडीलधाऱ्यांस ही योजना नवी वाटणार नाही. शेतावर वीज पोहोचण्यापूर्वी, पुण्यास १९४६ साली निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कारखान्याची व इतरांची इंजिने गावोगाव धडधडत असत. त्यांपैकी पुष्कळांत पिकाकडे जाणाऱ्या मोठ्या नळातूनच एक बारीक नळी फोडून ती इंजिनाच्या अंगात सोडलेली असे, आणि तापलेले पाणी दुसऱ्या तोंडाने पाटात पडे. जाणता शेतकरी पाण्यावर असताना मधूनमधून त्या बारीक धारेखाली हात धरी. धार कोमट असेल तर सर्व ठीक. हाताला चटका बसला किंवा धारच बारीक झाली, तर फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असावा असे तो ताडी व इंजिन बंद करी. पुस्तक न वाचता त्याने यंत्रशास्त्रातील एक महत्त्वाचा नियम आत्मसात केला होता. भेद इतकाच की विहिरीवर पिकासाठी ओढलेल्या पाण्यातून इंजिनास वाटा मिळे. नौकेत मात्र इंजिनाला पाणी पाजणे एवढ्याच कामासाठी एक स्वतंत्र पंप बसविलेला असतो.

हा पंप दिसत नाही. आउटबोर्ड मोटारीचे डोके वर, पाण्याबाहेर असते, आणि तिचा लांब पाय पाण्यात बुडालेला असतो. त्या पायातून एक उभा दांडा खाली प्रोपेलरकडे जातो. या दांड्यावरच, पायाच्या खालच्या भागात, पंप बसविलेला असतो. एक गोल घर, आणि त्यात रबराचे पाच-सहा पाती असलेले चक्र, ज्यास इम्पेलर म्हणतात. सगळी खुबी अशी की चक्र घराच्या बरोबर मध्यावर नसून एका बाजूस सरकलेले असते. त्यामुळे एका बाजूस जागा अरुंद व दुसऱ्या बाजूस रुंद होते. पाते अरुंद बाजूकडून निघते तेव्हा वाकलेले असते; पुढे जागा वाढते तसे ते सरळ होते, दोन पात्यांमधली पोकळी मोठी होते, आणि त्या पोकळीत नदीचे पाणी शिरते. फेरा पुरा होता होता पाते पुन्हा वाकते, पोकळी लहान होते, आणि पाणी दाबले जाऊन वरच्या नळीत चढते. आपला श्वास आत घेणे आणि सोडणे याच तत्त्वावर चालते. इंजिन पूर्ण वेगाने मिनिटास ५००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पाते तासात ३ लाख वेळा वाकते व सरळ होते. लोखंडाची पट्टी इतक्या वेळा वाकविली तर तुटून जाईल. रबर हे सहन करते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाने गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने कच्च्या रबरास चिवटपणा आणण्याची युक्ती शोधून काढली, तिचेच हे फळ. आजची पाती बहुधा निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ते १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले.

किती पाणी लागते, याचा हिशेब वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी करून पाहावा. ४० अश्वशक्तीचे इंजिन घेऊ. पेट्रोलातील उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा प्रोपेलर फिरविण्याच्या कामी येतो. मोठा भाग धुराबरोबर निघून जातो. आणि ढोबळ मानाने कामाइतकाच भाग सिलिंडराच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. ४० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३० किलोवॅट, अर्थात सेकंदास ३० किलोज्यूल. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. पाणी आत येताना व बाहेर जाताना ३० अंशांचा फरक धरला, तर सेकंदास पाव लिटराच्या आसपास, म्हणजे मिनिटास १४ लिटर पाणी हवे. आपल्या घरची मोठी घागर जवळजवळ तेवढीच असते. मिनिटास एक घागर! नदीवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या स्त्रियांस या आकड्याचा अर्थ गणिताच्या शिक्षकापेक्षा अधिक चांगला समजेल.

समुद्रावर हीच योजना थोडी बदलते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँची किंवा कोळी बांधवांच्या मोठ्या मासेमारी नौका यांचे डिझेल इंजिन नौकेच्या पोटात असते, आणि पुष्कळांत इंजिनाभोवती गोडे पाणी फिरवून ते गोडे पाणी खाऱ्या पाण्याने निवविले जाते. कारण खारे पाणी धातू खाते आणि तापल्यावर मिठाचे व क्षारांचे थर धरते. आपल्याकडे ही पीडा नाही. आपली पीडा म्हणजे गाळ.

पुराच्या पाण्याने भरलेली एक काचेची बाटली वर्गाच्या खिडकीत ठेवून पाहावी. वाळू क्षणात तळाशी बसते. तिच्यावर बारीक गाळ काही तासांत उतरतो. परंतु आपल्या काळ्या मातीचा अतिसूक्ष्म भाग कित्येक दिवस पाण्यात तरंगत राहतो, आणि तुरटी फिरविल्यावाचून खाली बसत नाही. या तिन्हींचा पंपावर होणारा परिणाम निरनिराळा आहे. वाळू पात्यांची टोके व पंपाचे घर घासून काढते. टोके झिजली की पाते घरास नीट चिकटत नाही आणि पाणी मागे गळते. सूक्ष्म माती घासत नाही, पण इंजिनातील अरुंद वाटांत जेथे पाण्याचा वेग मंद होतो तेथे बसते, आणि पूर ओसरून इंजिन गोदामात गेले की उन्हाळ्यात विटेसारखी सुकते. म्हणून ज्या ठिकाणी पाणी गुडघाभरच आहे, अशा गल्लीत किंवा शेतात शिरताना इंजिन वर उचलून घ्यावे आणि वल्ह्यांनी बोट हाकावी. तेथे प्रोपेलर तळचा चिखल ढवळतो आणि पंप तोच चिखल पितो.

पंप काम करीत आहे की नाही हे ओळखण्याचा उपाय इंजिन बनविणाऱ्यांनीच करून ठेवला आहे. इंजिनाच्या डोक्याच्या बाजूस किंवा मागे एक लहानसे छिद्र असते, आणि इंजिन चालू होताच त्यातून पाण्याची बारीक धार बाहेर उडू लागते. ही खुणेची धार होय. बाकीचे बहुतेक पाणी धुराबरोबर खालून नदीत जाते व दृष्टीस पडत नाही. ही एक धार तेवढी मुद्दाम बाहेर सोडलेली असते. बोट चालविणाऱ्याने पुढे नदीकडे पाहावे हे खरे. परंतु दर एकदोन मिनिटांनी एक दृष्टिक्षेप या धारेकडे टाकण्याची सवय त्यास असलीच पाहिजे. नव्या इंजिनांत तापमान वाढले की भोंगा वाजतो, पण पाऊस, प्रवाह आणि माणसांचा आक्रोश यांत तो ऐकू येईलच असे नाही. शिवाय भोंगा संकट आल्यावर वाजतो; धार त्यापूर्वी बारीक होते.

धार काय सांगते हे वाचता यावयास हवे. इंजिन मंद असताना धार क्षीण आणि वेग वाढविताच चांगली होत असेल, तर पाती झिजली आहेत. याचे कारण मनोरंजक आहे. अधिक वेगात पाती घरास चिकटून पाणी ढकलीत नाहीत. ती पाण्यास गरगर फिरवून बाहेर फेकतात, आणि तेवढ्या कामास झिजलेली पातीही चालतात. म्हणून झिजलेला पंप पूर्ण वेगात धडधाकट भासतो, आणि माणसांस बोटीत चढविण्यासाठी वेग कमी केला की नेमका त्याच क्षणी तो दगा देतो. धार एकाएकी थांबली, तर पायावरील जाळीस प्लास्टिकची पिशवी, कडबा किंवा चिंधी चिकटल्याचा संभव अधिक. इंजिन बंद करून पाय वर उचलावा आणि जाळी मोकळी करावी. मात्र वाहत्या प्रवाहाच्या मध्यभागी इंजिन बंद करणे म्हणजे बोट प्रवाहाच्या स्वाधीन करणे होय. अशा वेळी वेग शक्य तितका कमी करून जवळच्या झाडाचा किंवा भिंतीचा आश्रय घ्यावा, दोर बांधावा आणि मगच जाळी साफ करावी. वल्ही, लांब दोर व नांगर यांवाचून इंजिनाची बोट पुरात नेऊ नये, याचे हेही एक कारण आहे. तापलेल्या इंजिनावर बादलीने थंड पाणी ओतण्याचा मोह काहींस होतो. तो आवरावा, तापलेला धातू एकाएकी आकसून तडकतो.

कधी कधी धार नसते, पण पंपात काही दोष नसतो. कुंभारीण माशी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. चिखलाचे घर बांधण्यास तिला असे बारीक छिद्र फार आवडते. उन्हाळ्यात गोदामात पडलेल्या इंजिनाच्या छिद्रात तिने बिऱ्हाड केले असेल, तर पंप कितीही पाणी देवो, धार बाहेर येणार नाही. बारीक तार किंवा नायलॉनचा जाड दोरा छिद्रात घालून पाहिले की हा प्रश्न सुटतो. पुराच्या दिवशी मात्र या माशीपायी अर्धा तास जावा, ही गोष्ट मला तरी क्षम्य वाटत नाही.

येथे मूळ मुद्द्याकडे वळू. कोळ्याची नौका रोज चालते. तिचा पंप रोज ओला होतो, आणि बिघाड झालाच तर तो त्याच आठवड्यात ध्यानात येतो. आपल्याकडील पुराची बोट वर्षातून दहा महिने स्वस्थ पडून असते. पंपाचे पाते मात्र स्वस्थ नसते. चक्र घरात तिरपे बसलेले असल्याने अरुंद बाजूची दोनतीन पाती सदैव वाकलेल्या स्थितीत राहतात. धनुष्याची दोरी काम झाल्यावर उतरवून ठेवावी, नाहीतर धनुष्य आपला ताठपणा हरवते, हे जुन्या तिरंदाजांस ठाऊक होते. रबराचेही तसेच आहे. महिनेन् महिने वाकून राहिलेले पाते पुढे सरळ होणे विसरते. त्यातच आपल्या मराठवाड्यातील उन्हाळा. पत्र्याच्या छपराखाली वैशाखात रबर कडक होते व पात्याच्या मुळाशी भेगा पडतात. इंजिन वरून झाकलेले, स्वच्छ पुसलेले, रंग लखलखीत. आणि आत पंप मोडकळीस आलेला.

यावर उपाय अवघड नाही. महिन्यातून एकदा मोठे पिंप पाण्याने भरावे, इंजिनाचा पाय त्यात पंपाच्या वरपर्यंत बुडेल असा टांगावा, आणि उघड्या जागी, गिअर न घालता, दहा मिनिटे इंजिन चालवावे. उघड्या जागी अशासाठी की पेट्रोलच्या धुरातील विषारी वायू कोंडलेल्या खोलीत प्राण घेतो. पाती वाकण्याची जागा बदलते, रबर ओले होते, धार पाहावयास मिळते आणि पेट्रोल शिळे झाले आहे की काय हेही कळते. पूर ओसरल्यावर हाच प्रयोग स्वच्छ पाण्याने, धार निर्मळ होईपर्यंत, पाणी बदलून करावा. त्यानंतर इंजिन उभेच ठेवावे, म्हणजे आतील पाणी निथळून जाते. कोरड्या जागी, पाण्यावाचून इंजिन सुरू करून ‘चालते की नाही’ पाहण्याची एक वाईट चाल आहे. या पंपास वंगण म्हणून पाण्याखेरीज दुसरे काही नाही. कोरडा फिरला तर घर्षणाने पाती काही क्षणांत भाजून निघतात. तपासणीनेच इंजिन बिघडविण्याचा हा खात्रीचा मार्ग होय.

इम्पेलर केव्हा बदलावा, हे प्रत्येक निर्मात्याच्या पुस्तकात दिलेले असते. पुराच्या बोटीपुरते माझे मत असे की, तो बरा दिसो वा न दिसो, दर वर्षी मृगापूर्वी नवा घालावा. इंजिनाच्या किमतीपुढे त्याची किंमत अगदीच थोडी आहे. काम कुशल कारागिराचे असले, तरी पाहणाऱ्याने काय पाहावे ते सांगतो. पायाचा खालचा भाग बोल्ट काढून उतरविला की पंपाचे घर दिसते. त्यातील जुने चक्र काढल्यावर पाती मोजावी. एखादे पाते तुटलेले असेल तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत शोधावे. कारण तो वरच्या नळीत किंवा इंजिनाच्या वाटेत अडकलेला असतो, आणि नव्या पंपाचेही पाणी अडवितो. घराच्या आतील बाजूस नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर घरही बदलावे. चक्र दांड्यावर घट्ट धरणारी लहानशी चावी झिजली आहे का ते पाहावे. ती निसटली तर दांडा फिरतो आणि चक्र जागीच राहते. पॅकिंग जुने वापरू नये. नवे चक्र बसविताना साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावावे, हाती येईल ते ग्रीस नव्हे, कारण खनिज तेलाने कित्येक प्रकारचे रबर फुगते. घर खाली दाबताना दांडा इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवावा, म्हणजे सर्व पाती योग्य बाजूस वाकून बसतात. पुढेही दांडा उलट फिरवू नये.

काढलेले चक्र फेकून न देता, त्याची पाती शाबूत असल्यास, बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून ते इंजिनाच्या पेटीत ठेवावे. त्याच पेटीत एक नवे चक्र, एक चावी, पॅकिंग, पाना आणि छिद्र साफ करण्याची तार असावी. आणि पेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो मनुष्य पावसाळ्यात गावात असावा.